आत्याची पक्कड

“दुधाचेच तर दात, पडणारच आहेत की.” हे वाक्य ज्या कोणी शोधून काढलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. फार काही बोलायचं नाही. त्याच्या एका दाढेत पू भरावा, गाल लिंबाएवढा सुजावा, आणि मी शेजारी बसून शांतपणे म्हणावं, अहो, तुम्हीसुद्धा कधीतरी जाणारच आहात, कशाला एवढं मनावर घेता.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सतरा वर्षं झाली. हत्यारं धुवायची, वाफेच्या यंत्रातून काढून ट्रेमध्ये मांडायची, डॉक्टरीणबाईंनी मागायच्या आत त्यांच्या हातात ठेवायची, रोग्याच्या तोंडात थुंकी ओढणारी नळी धरायची. आणि मूल आलं की त्याला खुर्चीत बसवायचं. हे शेवटचं काम माझं खास. मध्ये माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या दोन मुली मदतीला येऊन गेल्या, पण रडणारं पोर दारात दिसलं की बाई मलाच हाक मारायच्या.

आमच्या बाईंची एक पद्धत आहे. तिला आम्ही ‘नुसती फेरी’ म्हणतो. मुलाला पहिला दात आला की दवाखान्यात आणायचं, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबायचं. तेव्हा ते आईच्या मांडीवरच असतं. बाई दोन मिनिटं बघतात, आईला ब्रश कसा धरायचा आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट कशी घ्यायची ते दाखवतात, संपलं. मग दर सहा महिन्यांनी फेरी. जरा मोठं झालं की खुर्ची वर न्यायची, खाली आणायची, दिवा चालू-बंद करायला द्यायचा, आरसा हातात द्यायचा, दात मोजायचे आणि घरी पाठवायचं. पहिल्या कार्डावर बाई स्वतःच्या हाताने लिहितात, ‘आज काहीही केलं नाही,’ आणि त्याखाली रेघ मारतात. एक बाप चिडून म्हणाला होता, काही करायचंच नव्हतं तर बोलावलंत कशाला. बाई म्हणाल्या, काही करायची वेळ येऊ नये म्हणून. तो पुटपुटत गेला, पण सहा महिन्यांनी पुन्हा आला.

शिवाय आमच्या खोलीत काही शब्दांना बंदी आहे. सुई, टोचणं, उपटणं, पक्कड. ‘दुखणार नाही’ याला तर सगळ्यात आधी बंदी. मूल त्यातलं ‘दुखणार’ तेवढं ऐकतं, आणि खरंच दुखलं तर पुन्हा जन्मात आपल्यावर विश्वास ठेवत नाही. आम्ही थुंकी ओढणाऱ्या नळीला तहानलेली नळी म्हणतो. दात बधिर करायच्या औषधाला दाताचं झोपेचं पाणी म्हणतो, आणि ते देताना चावल्यासारखं होईल, पाचपर्यंत मोज, असं सरळ सांगतो. कोणतीही वस्तू आधी दाखवायची, मग हाताच्या बोटावर लावून बघायची, मग तोंडात. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

दुसऱ्यांच्या पोरांसाठी. माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीच्या बाबतीत काय झालं ते आता सांगते, आणि सांगताना आवाज चढला तर चढू दे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो आणि वहिनी माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना एकच मुलगी, पाच वर्षांची. रांगायला लागल्यापासून ती साखरेच्या डब्यापाशीच सापडायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मला मूल नाही. जे काही लाड करायचे ते मी तिचेच केले. दर रविवारी दुपारी मी तिकडे जेवायला जाते, आणि गेल्या पाच वर्षांत फारतर तीन रविवार चुकले असतील.

मुंगीला पहिला दात आला तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात घेऊन या. दादा म्हणाला, तू घरातलीच, तूच बघ की तोंडात, त्यासाठी रांगेत कशाला बसायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. अनोळखी लोक लांबून गाडी करून आमच्या बाईंकडे यायचे, आणि माझ्याच घरचे लोक मला खिडकीपाशी उजेडात उभं करून ‘बघ’ म्हणायचे. मी बघायचे. पण मी डॉक्टर नाही. दात चांगला काळा पडल्याशिवाय मला कळत नाही, आणि दोन दाढांच्या फटीत काय चाललंय ते तर मुळीच दिसत नाही.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा मी सांगितलं, झोपताना बाटलीतून दूध देता ते बंद करा, निदान त्यातली साखर तरी बंद करा. वहिनी म्हणाली, त्याशिवाय ती झोपत नाही, आणि तुला ते कळायचं नाही, तुला रात्रीचं उठावं लागत नाही. यावर मी काय बोलणार? तिसऱ्या वर्षी पुन्हा सांगितलं, चौथ्या वर्षी पुन्हा. पालथ्या घड्यावर पाणी. मग मीही सांगायचं सोडलं, कारण रविवारचं जेवण भांडणाशिवाय व्हावं असं मलाही वाटायचं.

गेल्या वर्षभरात मात्र मुंगी माझ्यापासून लांब जायला लागली. पूर्वी घंटा वाजली की धावत यायची आणि माझ्या पिशवीला लोंबकळायची. आता घंटा वाजली की पलंगाच्या पलीकडे जायची. जेवताना माझ्या समोरची खुर्ची टाळायची. हसू आलं की तोंडावर हात. मी जवळ घेतलं की ओठ मिटून लाकडासारखी ताठ. वहिनी म्हणायची, लाजते आता, मोठी होतेय. मी चित्रांचं पुस्तक नेलं तर तिने ते अगदी कडेला धरून ओढून घेतलं, माझ्या बोटांना बोट न लावता. मला फार वाईट वाटायचं, अगदी घरी येऊन रडले होते मी एकदा. पण का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी ठरल्या वेळेपेक्षा जरा लवकर पोचले. दार उघडंच होतं. चपला काढत होते तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला.

“गप घास गीळ. आत्या येईल आता. पिशवीत पक्कड घालून आणते ती. न जेवणाऱ्या मुलांचे दात उपटते, माहितीये ना?”

एक चप्पल हातातच राहिली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी तशीच आत गेले. मुंगी टेबलाशी बसली होती, ताटात भात तसाच. मला बघताच तिने तोंडातला सगळा गोळा न चावता गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही हात तोंडावर गेले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या पिशवीवर होती. त्या पिशवीत तिच्यासाठी आणलेले रंगीत खडू होते.

मी वहिनीला विचारलं, हे काय चाललंय. ती हसली. म्हणाली, अगं गंमत, सगळेच म्हणतात, कोणाकडे पोलिसाचं नाव घेतात, आमच्याकडे तू आहेस. आणि मग कौतुकाने मला यादी सांगितली. ब्रश करत नाही, आत्याला सांगू? झोपत नाही, आत्याला बोलावू? खेळणी आवरत नाही, आत्या खालीच उभी आहे. एका मिनिटात काम होतं म्हणे. दादाने वर्तमानपत्रातून मान वर केली आणि म्हणाला, तुझ्या नावाचा दरारा आहे या घरात. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

म्हणजे वर्षभर मी त्या घरातला बागुलबुवा होते. दर रविवारी फळं आणि खडू घेऊन जाणारा बागुलबुवा. आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. असा संताप आला की समोरचं ताट उचलून आपटावं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कोणाला? मी पाणी प्यायले. मग मला दिसलं की मुंगीने घास गिळून इतका वेळ झाला तरी तिचा डावा गाल भरलेलाच आहे.

मी लांबूनच विचारलं, दुखतंय का. तिने जोरात मान हलवली, नाही. मग जवळ जाऊन कपाळाला हात लावला तर ते गरम. वहिनीला विचारलं, ती एकाच बाजूने कधीपासून चावते. वहिनी म्हणाली, दोन-तीन आठवडे झाले, जेवायची नुसती नाटकं आहेत, आणि अंग कालपासून गरम आहे, सर्दीचं असेल. तीन आठवडे. पाच वर्षांचं मूल तीन आठवडे दाढदुखी लपवून बसलं होतं, कारण घरात सांगितलं असतं तर ते आत्याला कळलं असतं. मोठी माणसं एक दिवस काढू शकत नाहीत. मी सतरा वर्षं बघते आहे, चांगले धिप्पाड पुरुष दाढ धरून दवाखान्याच्या पायरीवर रडतात.

आणि मग दादा म्हणाला, “एवढं काय, दुधाचाच तर दात आहे.”

“दादा, त्या जागेवर पक्की दाढ यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत,” मी म्हटलं. “तोवर हा दात जागेची राखण करतो. आणि दात दुधाचा असला तरी पू दुधाचा नसतो. तो गालात जातो, गळ्यात जातो. उद्या सकाळी नऊला तिला घेऊन यायचं. आणि खरं सांगून आणायचं.”

मी तिथूनच बाईंना फोन लावला. त्यांनी चार प्रश्न विचारले. श्वास नीट आहे का, पाणी गिळता येतं का, तोंड उघडतं का, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकते आहे का. मग तापाचं औषध सांगितलं, सूज वाढली तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाल्या, नाहीतर सकाळी पहिला नंबर. मी न जेवता निघाले. खडू टेबलावर ठेवले, त्यांना कोणी हात लावला नाही.

सोमवारी नऊला ते आले. मुंगीच्या पायांत पांढरे धुतलेले मोजे होते आणि ती चक्क उड्या मारत आली. तेव्हाच मी ओळखलं, कारण दातांच्या दवाखान्यात सुजलेल्या गालाने कोणी उड्या मारत येत नाही. दादाने तिला सांगितलं होतं की आपण नवे बूट घ्यायला जातोय. त्या आनंदात तिने मोजे स्वतःचे स्वतः घातले होते. मी खरं सांगा म्हणून बजावलं होतं, ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलेलं. मी पांढरा कोट आणि मास्क घालून बाहेर आले आणि तिने मला पाहिलं.

ती बाकाखाली शिरली. दादाने तिला पायाला धरून बाहेर काढलं, उचललं, आत आणून खुर्चीत टाकलं. तो घामाघूम झाला होता, त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माझा भाऊ जोर करतो, लहानपणापासून. “धरू आपण,” तो म्हणाला. “मी हात धरतो, ही पाय धरेल, तू डोकं धर. दोन मिनिटांचं काम.”

तेव्हा मुंगी ओरडली. इतकी स्पष्ट की बाहेर बसलेल्या माणसांनीही ऐकलं.

“चौघांनी धरलं होतं त्याला! बापाने हात, आईने पाय, आत्याने डोकं, डॉक्टर छातीवर! आणि मग दात बशीत पडला, टण्ण!”

दादाचे हात सैल पडले. वहिनीने माझ्याकडे बघितलं. ते शब्द वहिनीचे नव्हते, दादाचेही नव्हते. ते माझे होते. ‘टण्ण’च्या आधी मी जेवढी थांबले होते तेवढीच मुंगीही थांबली होती.

दीड वर्षापूर्वी दादाकडे पाहुणे जेवायला होते. मला गोष्ट रंगवून सांगता येते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि मलाही ते जरा जास्तच माहीत आहे. पाहुण्यांनी विचारलं, काय मग, दवाखान्यात काय मजा. मी उभी राहिले. सात वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगितली, ज्याने बाईंच्या बोटाला चावा घेतला होता. त्याला चौघांनी कसं धरलं, पक्कड केवढी होती, सुई केवढी होती, सगळं हात पसरून दाखवलं. शेवटी चमचा वरून ताटात टाकला. टण्ण. लोक हसून हसून लोळले. पुन्हा कर म्हणाले, मी पुन्हा चमचा टाकला. मुंगी तेव्हा दादाच्या मांडीवर बसली होती. तीसुद्धा हसली होती, असं मला पक्कं आठवत होतं.

आणि त्यातलं खरं किती? त्या मुलाचा दात आधीच लोंबत होता. बापाने त्याचा एक हात धरला होता, दुसरा माझ्या हातात होता. बाईंनी कापसात धरून दात अलगद काढला आणि कापसावरच ठेवला. तो चावला ते खरं, पण नंतर ‘सॉरी’ही म्हणाला होता. हे असं सांगितलं असतं तर पाहुणे हसले नसते. दवाखान्यात ज्या शब्दांना बंदी आहे ते सगळे शब्द मी त्या जेवणात वाढले होते, एकही सोडला नव्हता. वहिनीने मुलीला पक्कड दाखवली, पण ती तिच्या हातात मीच दिली होती. हत्यार मागायच्या आत हातात द्यायची मला सवयच आहे.

दाराशी आमच्या बाई येऊन उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या बुटक्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. दादाला म्हणाल्या, “हात सोडा तिचे. आणि तुम्ही दोघं दाराशी उभे राहा, तिला दिसाल असे.” मुंगी खुर्चीवरून सरपटत उतरली आणि माझ्या फिरत्या स्टुलामागे जाऊन बसली. बाईंनी लांबूनच तिचा गाल पाहिला, हात न लावता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मास्क काढ. खुर्चीत बस.”

सतरा वर्षांत मी त्या खुर्चीत कधी आडवी झाले नव्हते. बाईंनी खुर्ची मागे नेली, दिवा लावला. तिथून सगळं वेगळं दिसतं. छत लांब जातं आणि माणसांची तोंडं फार मोठी होतात. बाईंनी छोटा आरसा मुंगीच्या जवळ स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, आज आत्याचे दात बघायचे आहेत, मला जवळचं नीट दिसत नाही, कोणी मोजून देईल का. मग त्या कपाटातलं काहीतरी आवरायला लागल्या. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर रोगी खोळंबले होते, पण बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही.

मुंगी उठली. हात लांब करून तिने आरसा माझ्या तोंडाजवळ आणला. थंडगार कड दातावर आपटली आणि मी पटकन तोंड मिटलं. त्यावर ती, हुबेहूब वहिनीच्या आवाजात, म्हणाली, “उघड तोंड. नाहीतर आत्याला सांगेन.”

कोणी हसलं नाही. दाराशी वहिनीने मान खाली घातली. मी तोंड उघडलं.

तिला वीसपर्यंतच आकडे येतात, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. वीस आणि आठ निघाले. त्यातला एक काळा आहे, असं तिने जाहीर केलं. बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, बरोबर, आहे. माझाच दात किडलेला आणि मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो अगदी हाच. मग बाईंनी सहज विचारलं, तुझे किती आहेत ते मला मोजू देशील का, मी तीन म्हणेपर्यंत. मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पोटावर ठेवून आडवीच पडून होते. तिने तोंड उघडलं, तीनपर्यंत, मग आणखी एकदा पाचपर्यंत.

तेवढ्यात बाईंना दिसायचं ते दिसलं. खालच्या डाव्या बाजूची शेवटची दाढ आतून पोखरली होती, मुळाशी पू होता. आणखी दोन दाढांना सुरुवात झालेली, त्या वाचणार होत्या. बाईंनी पाच दिवसांचं औषध लिहून दिलं, सूज उतरल्यावर ती दाढ काढावी लागेल म्हणाल्या, आणि शेजारचे दात त्या जागेत सरकू नयेत म्हणून नंतर तारेची छोटी कडी बसवावी लागेल. कार्डावर त्यांनी लिहिलं, ‘आज काहीही केलं नाही.’ या वेळी खाली रेघ मारली नाही.

दादा बाहेर येऊन म्हणाला, म्हणजे एवढा तमाशा होऊन काहीच झालं नाही तर. मग मात्र माझा बांध फुटला. मी त्याला म्हटलं, चार वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, नुसती फेरी मारायला आण म्हणून. तेव्हा आणलं असतं तर खुर्ची वर-खाली करून घरी गेली असती. तेव्हा दाढेवर तिळाएवढा डाग असता, तो बाईंनी भरून टाकला असता. तुम्हाला वेळ नव्हता. आणि आता जे घडलं त्याला तमाशा म्हणतोस?

“आणि तिला बूट सांगितलेस ना?” मी म्हटलं. “मग इथून सरळ दुकानात जा आणि बूट घे. नाहीतर पुढच्या वेळी तुझ्यावर ती का विश्वास ठेवेल?”

तो मुंगीचा हात धरून जिना उतरायला लागला. मग मी वहिनीकडे वळले. माझं नाव आणि पक्कड पुन्हा एका वाक्यात आली तर मी तुमच्या घरची पायरी चढणार नाही, असं सांगितलं. वहिनीचे डोळे भरले होते. ती हळूच म्हणाली, “पुन्हा नाही तसं म्हणणार. पण तुझ्या त्या गोष्टी?”

मला राग आला, आणि ती बरोबर बोलली म्हणून जास्त राग आला. मी आत जाऊन हत्यारं धुवायला घेतली.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी दादाकडे गेले. पहिल्या दिवशी दारातच पिशवी उलटी केली. छत्री, किल्ल्या, रुमाल, डबा. मुंगीने पलंगापलीकडून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी केली. तिसऱ्या दिवशी तिने येऊन पिशवीच्या आतल्या कप्प्यात स्वतः हात घालून पाहिला, मग डब्याचं झाकणही उघडून पाहिलं. चौथ्या दिवशी पिशवीकडे लक्षच दिलं नाही. सूज उतरली होती आणि ती बिस्किट दोन्ही बाजूंनी खाऊन बघत होती.

शनिवारी ती लाल बूट घालून आली. या वेळी वहिनीने तिला घरीच सांगितलं होतं की आजारी दाढ काढायची आहे. येताना ती रडली होती, गाल ओले होते, पण चालत आली, आणि खुर्चीत स्वतः चढली. बाईंनी तिला झोपेचं पाणी दाखवलं आणि म्हणाल्या, मुंगी चावल्यासारखं होईल, पाचपर्यंत मोज. “मी चावत नाही,” ती म्हणाली. मग माझं बोट धरून मोजायला लागली. चारला किंचाळली, पाचला संपलं. दाढ निघाली तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही. कोणी तिला धरलं नव्हतं, तिनेच माझं बोट धरलं होतं, आणि ते नंतर बराच वेळ दुखत होतं.

बाईंनी दाढ ट्रेमधल्या कापसावर ठेवली. मुंगीच्या तोंडात कापसाची घडी दिली, दाबून धर म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या. मुंगी ट्रेकडे टक लावून बघत राहिली. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी.

“टण्ण कधी होणार?” तिने कापसातूनच विचारलं.

मी सांगितलं, निघाली दाढ, ही बघ, टण्ण वगैरे काही नसतं.

“त्या मुलाचं झालं होतं.”

“नव्हतं झालं. त्याचाही दात असाच कापसावर ठेवला होता. त्याला चौघांनी धरलंही नव्हतं. ते मी वाढवून सांगितलं.”

“का?”

“सगळे हसावेत म्हणून.”

तिचा अर्धा ओठ बधिर होता, तोंडात कापूस होता, तरी शब्द स्पष्ट आले.

“मी नव्हते हसले.”